चाकांवरचे बिऱ्हाड

मनुष्यास घर सोडवत नाही आणि घरात स्वस्थ बसवतही नाही. या दोन प्रवृत्तींची ओढाताण जितकी जुनी, तितकीच दोहोंचा मेळ घालण्याची खटपटही जुनी आहे. लमाणांचा तांडा निघे तो चूलबोळक्यासह निघे. धनगराचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवरून रानोमाळ फिरते. आणि आमच्या लहानपणी जत्रेस निघालेल्या बैलगाडीत तट्ट्याखाली अंथरूण, कंदील, पाण्याची घागर, दशम्यांचे गाठोडे आणि आजी एवढे सर्व मावत असे. हाच खटाटोप अमेरिकेतील सुखवस्तू मनुष्याने आज कोणत्या थरास नेला आहे, हे पाहण्याचा योग आम्हांस २०२३ च्या ऑक्टोबरात आला. त्या अनुभवाचा जमाखर्च वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचा पुतण्या कोलोराडो राज्यातील डेन्व्हर शहरी नोकरीस आहे. त्याने एक मोठा पिकअप ट्रक घेऊन त्याच्या पाठीवर एक संपूर्ण खोली चढविली आहे. या खोलीस तिकडे कँपर म्हणतात. तीत दोघांस ऐसपैस व आणखी दोघांस अडचणीने निजता येईल अशी व्यवस्था, गॅसची शेगडी, शीतपेटी, न्हाणीघर, शौचकूप, आणि छपरावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पत्रे असा सारा संसार आहे. जमिनीपासून माथ्यापर्यंत उंची बारा फूट, रुंदी आठ फूट, आणि ट्रकच्या मागे शेपटासारखा चार फूट बाहेर आलेला भाग. त्याचे दर्शन होताच आम्हांस जॉन स्टाइनबेक आठवला. हा ग्रंथकार १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, असाच एक ट्रक व त्यावर एक लहानशी खोली घेऊन, सोबतीस एक कुत्रा घेऊन, आपला देश पुन्हा पाहण्यास निघाला होता. ट्रकला त्याने नाव दिले होते रोसिनांते. म्हणजे डॉन किहोटेच्या मरतुकड्या घोड्याचे! ते वाहन आजही कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथे त्याच्या स्मारकात जपून ठेविलेले आहे. परंतु आपल्या घोड्याची ताकद ओळखून स्टाइनबेकने तो बहुतांशी चांगल्या सडकेवरूनच हाकला. आमच्या पुतण्याची महत्त्वाकांक्षा निराळी. त्यास आपले घर चाकोरीबाहेर न्यावयाचे होते.

‘चाकोरी’ हा शब्द आपण इतका सैलपणे वापरतो की त्याचा मूळ अर्थ आपल्या ध्यानातून गेला आहे. गाडीच्या चाकांनी जमिनीत पाडलेली रेघ ती चाकोरी. तिच्या बाहेर पडणे म्हणजे, जेथे दुसऱ्याच्या चाकांनी वाट करून ठेविलेली नाही, तेथे जाणे. आता ज्यास हे करावयाचे, त्याने हलके असावे, हा आमचा तीस-पस्तीस वर्षांचा सिद्धांत. सह्याद्रीतील राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड आम्ही एका पाठपिशवीवर पालथे घातलेले. बरोबर न्यावयाची प्रत्येक वस्तू दोनदा तोलून पाहावी, आणि तिसऱ्यांदा घरी ठेवून यावी, असे आम्ही विद्यार्थ्यांस सांगत आलो. अर्थातच पुतण्याच्या या फिरत्या वाड्याविषयी आमचे मत पाहताक्षणीच बनून गेले होते.

परंतु एक अडचण होती. आमच्या पत्नीचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. तंबूत भुईवर निजणे आणि उकिडवे बसणे या दोन्ही गोष्टी तिला अशक्य. रात्रीबेरात्री उठावे लागते. हा वाडा नसता तर ती या प्रवासास आलीच नसती, आणि आम्ही नेहमीप्रमाणे एकटे गेलो असतो. म्हणून आमचे मत आम्ही तूर्त मनात ठेविले.

आम्हांस जावयाचे होते ते यूटा राज्यातील एस्कलांटे या गावाजवळून निघणाऱ्या ‘होल-इन-द-रॉक’ नामक कच्च्या रस्त्याने. प्रवासाच्या आरंभीच पुतण्याने ट्रक एका वजनकाट्यावर उभा केला. अमेरिकेत ट्रकच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटविलेली असते. भरल्या वाहनाचे वजन किती असू द्यावे, ते तीवर छापलेले असते. आमच्या ट्रकची मर्यादा किलोच्या हिशेबाने ६,३५० होती. हिशेब असा झाला: रिकामा ट्रक ३,८५०, रिकामा कँपर १,९००, टाकीतील १७० लिटर पाणी, म्हणजे १७० किलो, आम्ही चार माणसे मिळून २८०, गॅसची नळकांडी ३५, आणि शिधा, भांडी, खुर्च्या, कपडे, हत्यारे मिळून २००. एकूण ६,४३५. मर्यादेपेक्षा ८५ किलो अधिक! ट्रक केवढा थोरला. सहा टनांचे धूड. तरी त्यास ८५ किलो जड झाले. मोठ्या वाहनात वाटेल तितके सामान मावते हा सामान्य जनांचा समज आहे. मावते ते खरे, पेलत नाही. जागा आणि ताकद या दोन वस्तू भिन्न आहेत, आणि या वाहनांत जागेचाच जास्त मोह असतो.

मग काय काढावयाचे याची सभा भरली. सूनबाई कुकर सोडीनात, पुतण्या हत्यारे सोडीना, आम्ही ग्रंथ सोडीना. शेवटी सर्वानुमते निम्मी टाकी रिकामी करण्यात आली. पाणी ८५ लिटर गेले आणि काटा बरोबर मर्यादेवर येऊन थांबला. वाळवंटात निघालेल्या चार माणसांनी आपल्या सुखसोयी राखण्याकरिता पाणी ओतून दिले, हा प्रकार विनोदी खरा. पण त्या वेळी कोणी हसले नाही.

सडक सोडून कच्च्या रस्त्यास लागल्यावर त्या वजनाचा अर्थ कळू लागला. हा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा आहे. सैल मातीवरून चाक एका ठरावीक वेगापुढे धावू लागले की ते उसळते, आणि जेथे पडते तेथे खळगा करिते; त्याच खळग्यावर पुढचे चाक उसळते; आणि असे होता होता रस्त्यावर एकसारख्या आडव्या लाटा उठतात. हलक्या गाडीने टायरांतील हवा कमी केली की हे हादरे पुष्कळसे शोषले जातात. परंतु टायरची भार वाहण्याची शक्ती तीतील हवेवरच अवलंबून असते. आमच्या मागच्या चार टायरांत ८० पौंड हवा होती, आणि वरचा भार पाहता ती फारशी सोडण्याची सोय नव्हती. जोडचाकांच्या मधल्या फटीत धोंडे अडकत ते निराळेच. रस्ता एका बाजूस पंधरा अंश कलला की, साध्या त्रिकोणमितीने, बारा फुटांवरील माथा तीन फूट बाजूस झुकतो. प्रत्येक कलत्या वळणावर हे गणित आम्हांस उगीचच आठवे. शिवाय, ट्रकचा सांगाडा खाचखळग्यांतून पीळ खातो, आणि खाल्लाच पाहिजे; पण त्यावरची खोली ही एक ताठ पेटी. तिला पीळ मानवत नाही. चारी कोपऱ्यांस तिला ट्रकशी बांधणारे ताण दर मुक्कामास सैल होऊन नव्याने आवळावे लागत. पहिल्या साठ किलोमीटरांस चार तास लागले. आत पाहतो तो फडताळ उघडून तुरीची डाळ आणि साखर एकत्र झालेली.

या रस्त्याचा इतिहास सांगितल्यावाचून पुढची हकीकत कळावयाची नाही. १८७९ च्या शरदात मॉर्मन पंथाचे सुमारे अडीचशे स्त्रीपुरुष व मुले, ८३ घोडागाड्या आणि शेकडो गुरे घेऊन, आग्नेय यूटात नवी वसाहत करण्याकरिता याच वाटेने निघाली. प्रवास सहा आठवड्यांचा होईल असा अंदाज होता; लागले जवळजवळ सहा महिने. कोलोराडो नदीच्या कड्यावर येऊन पाहतात तो खाली उतरण्यास वाटच नाही. कड्यात एक अरुंद भेग तेवढी होती. ती त्यांनी सुरुंगाने व छिन्नीने ऐन हिवाळ्यात रुंद केली. जेथे तेही शक्य नव्हते, तेथे उभ्या खडकास भोके पाडून, त्यांत ओक लाकडाचे खुंट ठोकून, वर झाडझाडोरा व दगडमाती टाकून कड्याला लटकता रस्ता केला. आणि २६ जानेवारी १८८० रोजी, चाके बांधून, मागून दोर धरून, गाड्या त्या भेगेतून खाली सोडावयास आरंभ केला. वाटेत बाळंतपणे झाली. मरण एकही आले नाही. एप्रिलात ज्या ठिकाणी पाय उचलेनासे झाले, तेथेच त्यांनी ब्लफ हे गाव वसविले.

त्यांच्या गाड्या म्हणजे त्या काळचे कँपरच होत. मात्र एक भेद आहे. मोठी गाडी जेथे जात नाही तेथे डोंगर फोडावा लागतो, आणि त्या कामास त्यांच्यापाशी पुष्कळ हात होते. आमच्यापाशी एक फावडे होते.

वाटेत ‘डान्स हॉल रॉक’ नावाचा एक प्रचंड, नाट्यगृहासारखा पोकळ खडक लागतो. पुढची वाट शोधीपर्यंत त्या लोकांनी मुक्काम केला तो या परिसरात, आणि संध्याकाळी सारंगीच्या तालावर या खडकात ते नाचत. येथवर रस्ता बरा आहे. शहाणपण असते तर आम्ही येथेच थांबलो असतो. परंतु पुतण्याच्या अंगात उत्साह होता, आणि आमच्या मनात त्या भेगेचे वेड. आणखी दहाबारा किलोमीटरांवर एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात ट्रक उतरला. पुढची चाके पलीकडच्या काठावर चढू लागताच मागचा भाग खाली बसला, ते चार फुटी शेपूट वाळूत रुतले, आणि सारा भार मागच्या आसावर येऊन जोडचाके तुंब्यापर्यंत आत गेली.

दोन तास आम्ही वाळू उपसली. इतक्यात मागून एक वृद्ध गृहस्थ जुन्या, दोन दारांच्या लहानशा जीपमधून आले. त्यांची जीप आमचे घर ओढील ही आशा फोल होती. शेळीने हत्ती ओढावा तसे ते झाले असते. त्यांनी आपले फावडे घेतले व ते आमच्या शेजारी उभे राहिले. पुतण्या टायरांतील हवा सोडण्याच्या बेतात होता. तोच काठावर घडीच्या खुर्चीत बसलेली आमची पत्नी म्हणाली, “अहो, गाडा रुतला की आमचे अण्णा आधी माणसं उतरवीत, मग पोती. तुम्ही पोती वर ठेवूनच खणताय.” ती शेतकऱ्याची मुलगी आहे. इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक आणि यंत्रशास्त्राचा पदवीधर यांस जे दोन तासांत सुचले नव्हते, ते हे होते. दोनशे किलो सामान काढून काठावर मांडले, मग हवा सोडली, चाकांखाली फळ्या दिल्या, आणि ट्रक मागल्या पावली बाहेर आला. पुढे जाण्याचे नाव कोणी काढले नाही. टायरांत पुन्हा हवा भरून, दिवस मावळता आम्ही परत त्या खडकाच्या आसमंतात मुक्कामास आलो.

ते वृद्ध गृहस्थही जवळच आपला तंबू ठोकून राहिले. सूनबाईंनी त्यांस पिठलेभात वाढला. तो संपवून ते म्हणाले की, दुसऱ्या दिवशी सकाळी ते भेगेपर्यंत जाणार आहेत. सामान तंबूत ठेविले तर जीपमध्ये दोघांस जागा होईल. शेवटले दहाएक किलोमीटर त्या जीपसारख्या गाडीवाचून जाता येत नाहीत.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ‘दोघांस’ हा शब्द ऐकताच आम्ही मनात धरले ते आम्ही स्वतः आणि पुतण्या. यात विचार असा काही झालाच नाही. हात जसा सवयीने खिशाकडे जातो, तसे मन गेले. आणि आमच्या पत्नीनेही तीस वर्षांच्या सवयीने सांगितले, “तुम्ही दोघं जाऊन या. आम्ही इथं आहोत.” हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकिले आहे! राजगडास निघताना ऐकिले आहे, हरिश्चंद्रगडास निघताना ऐकिले आहे. त्या रात्री कँपरमध्ये निजलो असता झोप येईना. आमच्या पाठपिशवीच्या हलकेपणाचा आम्हांस जो अभिमान होता, त्याचा हिशेब प्रथमच डोळ्यांपुढे आला. ती पिशवी भरून देणारी, मागे मुले, म्हाताऱ्या सासूबाई आणि घर सांभाळणारी एक व्यक्ती होती, म्हणून ती पिशवी हलकी होती. आम्ही भार कमी केला नव्हता. दुसऱ्याच्या खांद्यावर ठेविला होता. अशा मनुष्याने दुसऱ्याच्या जड वाहनास हसावे हे शोभत नाही.

पहाटे आम्ही पुतण्यास बाजूस घेऊन सांगितले, “तू राहा. काकू येईल.” तो चटकन समजला. समजूत घालावी लागली ती तिचीच. “माझ्या गुडघ्यांचं काय?” म्हणाली. पुढची जागा तिला दिली, मागे उशा दिल्या, आणि मागल्या बाकावर आम्ही स्वतःची घडी घालून बसलो. ती जीप धोंड्यांवरून खेकड्यासारखी चढे व उतरे. अंतर थोडके, पण दोन तास लागले. ती एकदाही हायहुय् म्हणाली नाही. दोनदा मात्र “सावकाश” असे मराठीत म्हणाली, आणि त्या गृहस्थांस ते बरोबर कळले.

भेगेच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा ऊन तापू लागले होते. खाली धोंड्यांनी भरलेली ती उभी घळ, आणि तिच्या तळाशी निळे पाणी. ग्लेन कॅन्यन धरणाने १९६३ पासून पाणी तुंबू लागले. नदी ओलांडण्याची ती जुनी जागा आता जलाशयाच्या पोटात गेली आहे. आम्ही उतार किती, दोर कोठे बांधले असतील, चाके कशी अडविली असतील, असे बोलत होतो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पुरुषांनी गाड्या उतरवल्या ते समजलं. पण उतरवण्याआधी प्रत्येक गाडीतलं घर आवरलं कुणी? भांडी बांधली असतील, पीठ बांधलं असेल, निजलेलं मूल उचललं असेल. आणि खाली जाऊन पुन्हा सगळं मांडलं असेल.” आम्ही त्या मोहिमेचा वृत्तांत वाचून गेलो होतो. हा प्रश्न आम्हांस पडला नव्हता.

दुपारी परत आलो, तेव्हा पुतण्या आणि सूनबाई खडकाच्या सावलीत पोहे करून वाट पाहात होते. पत्नी कँपरच्या पायऱ्या धरून वर गेली, गुडघ्यांस गरम पाण्याची पिशवी लावून पलंगावर आडवी झाली, आणि तासभर गाढ निजली. तंबूत ते शक्य नव्हते.

आता निकाल. मोठा कँपर चाकोरीबाहेरच्या प्रवासास व्यवहार्य आहे काय? जेथे वाट अरुंद, कलती, वाळूची किंवा धोंड्यांची आहे, तेथे नाही. आणि पैसा ओतून तो तसा करिता येईल हा भ्रम आहे. अंतरे अफाट, मैदान मोकळे, आणि पाणी व इंधन दूर असेल, अशा सहाराच्या किंवा मंगोलियाच्या प्रदेशात लोक मोठाली वाहने नेतात ते खरे. पण ती वाहने मुळापासूनच निराळ्या घडणीची असतात. जर्मनीतील ‘युनिमॉग’ हा दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीच्या कामाकरिता निर्माण झालेला ट्रक याचे उदाहरण. अशा ट्रकांवर खोली बसविताना ती सांगाड्यास घट्ट आवळीत नाहीत. खाली सांगाडा पिळला तरी वरची पेटी सरळ राहावी, अशा फिरत्या सांध्यांवर ती ठेवितात. साध्या पिकअपवर घर चढवून तेच साधेल, असे कोणी समजू नये. ज्यास घ्यावयाचेच असेल, त्याने लहानांत लहान, हलक्यांत हलका घ्यावा; जाहिरातीतले वजन न मानता भरल्या गाडीचे वजन काट्यावर करावे; आणि पाणी सर्वांत शेवटी कमी करावे.

परंतु हे उत्तर अर्धेच झाले. वाहन कोठवर जाते एवढेच आम्ही विचारीत होतो. ते कोणास नेते, हेही विचारावयास हवे होते. त्या अवजड वाड्याने आम्हांस भेगेपर्यंत नेले नाही. पण जिला कोणत्याही हलक्या साधनाने घराबाहेर काढता आले नसते, तिला त्याने वाटेच्या टोकापर्यंत आणिले. तेथून पुढचे काम लहान गाडीचे. आपल्या वारकऱ्यांस ही गोष्ट ठाऊकच आहे. आळंदीहून पंढरीस निघालेल्या दिंडीचे तंबू, शिधा व भांडी ट्रकमधून सडकेने पुढच्या मुक्कामास जातात, आणि माणूस टाळ घेऊन पायी चालतो. बिऱ्हाडाने मुक्कामापर्यंत यावे. त्यापुढे हट्ट धरू नये.

पुण्यास परतल्यावर गुडघ्यांची शस्त्रक्रिया करविण्याचे ठरले, आणि ती यथावकाश झालीही. येत्या हिवाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, पाचनई गावी, दोन दिवस मुक्कामास जाण्याचा आम्हा उभयतांचा बेत आहे. पिशवी या खेपेस आम्ही स्वतः भरणार आहो. गडावर चढावयाचे की नाही, हे अद्याप ठरलेले नाही.